निळ्या पाण्याचा व्हॉल्व्ह

...आन् वर लेकीनं मलाच म्हनायचं, 'अप्पा, बंद कशाला केलंत!' आता तुमाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं मी तिसगावच्या अलीकडं आमच्या वाडीत नळाला पानी सोडलं, चार दिसांतनं एकदा, पाऊन तास, की व्हॉल्व्ह बंद! अशा मान्साच्या हातात वाहतं पानी दिल्यावर तो काय करील? पानी जपलं, ह्यात माझं काय चुकलं?

व्हय, मोबाईलमधलं पानी हुतं, मान्य! माझी लेक वृषाली चेन्नईला नोकरीला, तिनंच दोघांनी मिळून कारखाना बांधायचा गेम मला घालून दिला. का? तर तिची आई गेली, आन् आमच्या घरात बोलायचं खातं सगळं तिच्या आईकडं! फोन केला की 'अप्पा, जेवलात?' 'जेवलो.' 'गोळी घेतली?' 'घेतली.' 'ठेवते मग.' झालं! आन् गेममधी? तास तास! 'अप्पा, माल वाहणारा पट्टा उलटा लावलाय!' 'अप्पा, वाळू संपली!' एकदा हसता हसता आईची आठवन निघाली, दोघंबी रडलो, आन् तिकडं यंत्रं आपली चालूच...

मग तिनं बांधली अणूची भट्टी. महिनाभर खपली बिचारी. ती भट्टी लई तापती, तिला गार ठेवायला निळं पानी लागतं, पान्यात टायटॅनियमची भुकटी कालवून करत्यात, बर्फापरीस गार! 'अप्पा, निळं पाणी तुमच्याकडे. मी मीटिंगला जाते, तुम्ही नुसतं बघत बसा.' नुसतं बघत बसा! समोर पानी धो धो चाललंय, बाजूची साठवायची टाकी कोरडी, आन् मी बघत बसू? जीव तुटला हो! केला भट्टीकडचा व्हॉल्व्ह बंद, घेतली टाकी भरून, काठोकाठ! म्हनलं, पोरगी खूश हुईल, अप्पांनी केवढं साठवलं! पानी जपलं, ह्यात माझं काय...

भडाम! भट्टी गेली, पट्टे गेले, सगळा कारखाना गेला, माझी भरलेली टाकीसुदिक!

मीटिंग संपवून वृषाली गेममधी आली. म्हनलं, आता आपल्याला बोलनी बसनार. बसू दे! आईवानी तासभर बोलू दे! तर 'अप्पा, बंद कशाला केलंत!' एवढंच. मग हळूच म्हनली, 'असू द्या अप्पा. मलाही हल्ली वेळ नसतोच.' त्या दिसापास्नं ती गेममधी आलीच न्हाई बघा. कारखान्याचं मला काय बी वाटत न्हाई, पर घर लई गप झालंय हो. पानी जपलं... व्हय, चुकलंच माझं.

मग काय, एकटाच बसलो. चाळीस दिस! चुकत, धडपडत, पुन्हा भट्टी उभी केली. निळं पानी सोडलंय, व्हॉल्व्हला हात लावत न्हाई, वाहतंय ते वाहू दे! तिला मेसेज टाकला, 'वृषे, भट्टी चालू झाली. आता पानी बंद करनार न्हाई. ये.' लिहायला अर्धा तास लागला मला. आन् आलं की उत्तर, लगोलग आलं! काय आलं? अंगठा! नुसता पिवळा अंगठा! आता अंगठ्याशी मान्सानं काय बोलावं, तुमीच सांगा...