भुजंगरावांचं सील

—थांबा हो, सहीची एवढी घाई नको. करते मी सही, पेन आहे माझ्याकडे. पण तुम्ही टाइप करून आणलंय ना, ‘सीलची पद्धत समाधानकारक असून पुढेही चालू ठेवावी’ म्हणून, त्यावर आधी बोलू. कॉफी घ्या, निवतेय. बंगळूरहून सकाळी निघून बोगादीपर्यंत आलात, ग्लायडर-स्पर्धांच्या समितीनं पाठवलं म्हणून आलात, तुमचा काय दोष? आमचं मराठी कळतंय ना, अनुषा? तुमच्या आईचं सांगलीकडचं, आमचं पिढ्यान्पिढ्या म्हैसूरचं, अर्धं कानडी — पर्वागिल्ला, चालवून घ्या.

तर सील. तुम्ही स्वतः उडवत नाही म्हणालात, म्हणून साधं सांगते, तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंय. ग्लायडरला इंजिन नसतं. तापलेली हवा वर जाते, तिच्याबरोबर तो चढतो, थेट ढगाच्या तळापर्यंत. तिथे पोचलं की बाजूला व्हायचं, आत शिरायचं नाही. का? आत सगळं पांढरं. आपण सरळ बसलोय असं वाटतं आणि विमान एका पंखावर कलंडून गिरक्या घेत खाली चाललेलं असतं — अंगाला कळतच नाही, तोल सांभाळणारा आपलाच कान आपल्याशी खोटं बोलतो. त्यासाठी ते कृत्रिम क्षितिज. छोटा पडदा, वर निळं, खाली तपकिरी, मधल्या रेघेकडे बघून पंख सरळ ठेवायचे. मग द्या की सगळ्यांना, म्हणाल तुम्ही. दिलं की काय होतं? ज्याच्याकडे आहे तो मुद्दाम ढगात शिरतो, आतल्या आत आणखी चढतो आणि स्पर्धा जिंकतो. त्याचं बघून दुसरा शिरतो. दोघं आत, एकमेकांना न दिसणारे. म्हणून बंदी. पण चुकून ढगानं ओढून घेतलं तर? तर मधला मार्ग मी काढला — हो, माझीच कल्पना ती. यंत्र असू दे, स्विचवर कागदी सील लावायचं. जिवावर बेतलं तर फाडा, बटण दाबा, जगा. उतरल्यावर सील फाटलेलं दिसलं की त्या दिवसाचे गुण शून्य. सुरक्षाही झाली, न्यायही झाला. केवढा अभिमान होता मला त्याचा! रोज सकाळी येलवालच्या पलीकडच्या आमच्या मैदानावर प्रत्येक विमानात वाकून सील चिकटवायची, त्यावर सही करायची.

आणि ती सीलं छापली कोणी? भुजंगरावांनीच. त्यांच्या घरात पूर्वी रंगाऱ्याचं काम, आजोबा लुगडी रंगवायचे, यांचा स्क्रीन प्रिंटिंगचा छापखाना. कागद असा शोधून आणला की नखानं उचलायला गेलं तर चिंध्याच. “अक्का, यात कोणाला लबाडी करता यायची नाही,” म्हणाले. बावन्नाव्या वर्षी जुनं ग्लायडर घेतलेला माणूस. बायको, सुमा, चिडायची. आणि त्या वर्षी, तीन वर्षं झाली या एप्रिलला, पाच दिवसांची स्पर्धा, चौथ्या दिवशी सकाळी गुणांत भुजंगराव पहिले. कोणाला वाटलं होतं? दुसरा कार्तिकेय, माझ्या भावाचा मुलगा. आई गेल्यावर याच घरात वाढला तो.

पुढचं तुमच्या अहवालात आहेच. त्या चौथ्या दिवशी एच. डी. कोटेपर्यंत जाऊन परत यायचं होतं. दुपारी तीनच्या सुमारास आंब्याच्या पावसाचा, म्हणजे तुमच्या आईकडच्या वळवाचा, ढग बघता बघता फुगला. भुजंगराव आत ओढले गेले. वेग वाढला, पंख मोडला. नांगरलेल्या रानात सापडले, पंख कुठेतरी मैलभर लांब. सील ओळखायला मला बोलावलं. सगळं चेपलं होतं आणि तो दोन बोटांचा कागद, माझ्या सहीचा, जसाच्या तसा. साधी सुरकुतीसुद्धा नाही. चौकशीत लिहिलं — कोणाचंच सील फाटलं नव्हतं, म्हणजे ढगात बाकी कोणी सापडलं नाही, आणि वैमानिकाला धोका वेळेत कळला नाही. अष्टे. संपलं.

रेडिओवर? नाही, रेडिओवर काही आलं नाही. म्हणजे रेडिओ होता माझ्यासमोर, मीच होते त्यावर, पण — तसं काही नाही.

असं का बघताय? कळला होता हो त्यांना धोका! ‘वेळेत कळला नाही’ म्हणून छापून टाकलं, जसा काही अडाणी माणूस. ते वाचून सुमा माझ्याकडे आली, इथेच बसली, तुम्ही बसलाय तिथे. “शेवटी काही बोलले का ते?” म्हणून विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं.

बोलले होते.

सुम्ने बसा, मध्ये बोलू नका, नाहीतर माझ्यानं सांगवणार नाही. त्याच्या आदल्या दिवसापासून सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी कार्तिकेय उतरला, मी तपासायला वाकले, तर सील फाटलेलं. “आत्या, पट्ट्याच्या बकलात अडकलं ग, देवाशपथ.” खरंही असेल. खोटंही असेल. मी इकडेतिकडे बघितलं, पिशवीतलं नवं सील काढलं, चिकटवलं, सकाळची वेळ घालून सही केली. अर्धं मिनिट लागलं. रात्रभर झोप नाही. इतकी वर्षं मुलांची जर्नलं तपासली, आकडा बदललेला दिसला की पान फाडायची, ती मी. तर चौथ्या दिवशी सकाळी ठरवलं की आज कोणाला एक शब्द जास्त बोलायचा नाही. काल भाच्याच्या बाजूनं झुकले, आज काटा अगदी मधोमध.

तीन वाजून काही मिनिटं झाली. आधी खरखर, मग भुजंगराव. आवाज शांत होता, छापखान्यात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. “अक्का, आत खेचला गेलोय. काही दिसत नाही. सील तोडू का?”

काय अवघड होतं सांगा? तोडा! दोन अक्षरं. पण माझ्या डोक्यात काय आलं — हे सांगतेय कोणाला मी — माझ्या डोक्यात आलं की मी तोडा म्हटलं की यांचे आजचे गुण गेले, कार्तिकेय पहिला आला, आणि उद्या सगळे म्हणणार, आत्यानं रेडिओवरून भाच्याला कप दिला. कालचं ते अर्धं मिनिट नसतं ना, तर ओरडले असते मी. मी म्हटलं, “नियम तुम्हाला माहीत आहे, भुजंगराव. निर्णय तुमचा.” ते म्हणाले, “बरं.” नंतर नुसती खरखर. आता फोन उचलला की समोरचा बोलायच्या आधी जरा शांतता असते ना, तेवढ्यात मला ते ‘बरं’ ऐकू येतं. तुम्ही काल फोन केलात तेव्हासुद्धा.

नाही, एवढंच नाही. कार्तिकेय उतरला, पांढराफटक. त्याचंही सील फाटलेलं. त्याच ढगात होता तो — विमानातल्या नोंदयंत्रात उंची दिसते, ढग दिसत नाही. त्यानं कोणाला विचारलं नाही, फाडलं आणि बाहेर आला. त्याला ठाऊक होतं, आत्या चिकटवून देईल. आणि तो त्याच रेडिओवर होता, बाकीचे केव्हाच उतरले होते, वर हे दोघंच; भुजंगरावांचा प्रश्न त्यानं ऐकला, माझं उत्तरही ऐकलं, आणि ‘मी फाडलंय, तुम्हीही फाडा’ असं काही बोलला नाही. मी नवं सील चिकटवलं. भुजंगराव परत आले नव्हते, कोटेहून फोन यायचा होता, आणि मी सही करत होते. त्यानंतर तो उडला नाही. दर रविवारी जेवायला येतो. आमटी वाढते, तो जेवतो. त्याबद्दल आम्ही एक शब्द काढलेला नाही.

त्यामुळे तुमचा कागद चुकीचा आहे. फाटलं होतं एक सील, आणि ज्याचं फाटलं तो जगला. माझं मत हवंय ना समितीला? मग लिहा. सील काढा. यंत्र उघडं ठेवा, ते कधी चालू झालं याची नोंद आपोआप होऊ दे. आत जाऊन कोणी चढला तर घाला शून्य, नुसता बाहेर पडला तर काही करू नका, आणि भांडायचं ते खाली आल्यावर, जमिनीवर बसून भांडा. आत अडकलेल्या माणसाला गुण आणि जीव यांची तुलना करायला लावू नका. आणि बाकीचंही लिहा, मी सांगितलं तसं. कार्तिकेयचं नावसुद्धा. अय्यो, हात का थांबला तुमचा? लिहा म्हणते ना.

झालं? द्या, इथे करते सही. तारीख आजचीच घालते.

आता उठा तुम्ही. नाही, दुसरी कॉफी नाही, मला निघायचंय. सुमाचं घर लांब आहे, आणि हे तिला तुमच्या समितीच्या पत्रातून कळायला नको. नको, गाडीतून सोडू नका. बरोबर येऊ नका. काय बोलायचं ते मला वाटेत ठरवू द्या. चला. निघा.