पेंडीवरचा खिल्लारी

राव, आमच्या आबांचा संशयी स्वभाव बैलबाजारात बघायला हवा होता. थेरगावचं रान कंपनीत गेलं, तसा आमचा खिल्लारी बैल काम नसल्यानं नुसता बसून खात होता. शेवटी आबांनी तो चाकणच्या बाजारात नेला, पण कसायाला द्यायचा नाही हे पक्कं ठरवून.

एक गिऱ्हाईक आलं. शेतीला पाहिजे म्हणालं आणि बैलाचा खांदा बघायचा सोडून थेट मांड्या दाबायला लागलं. आबांचा चेहरा बदलला.

"खायला काय घालता?" त्यानं विचारलं.

"कडबा आन् शेंगदाण्याची पेंड. का, मटणाचं दुकान हाय व्हय तुझं?"

"ते मीच तुमाला इचारणार होतो," तो बैलाच्या खांद्यावर हात ठेवत शांतपणे म्हणाला. "खिल्लारी अंगानं कडक, त्याचं मांस चिवट. कसाई त्याला शेवटी हात लावतो. तुमी तर पेंड चारून मांडीवर चरबी आणलीया. खांद्यावरचा जुवाचा घट्टाबी मऊ पडलाय. औताचा बैल असा असतो व्हय? कापायलाच तयार केलाय तुमी."

आबांनी दावं सोडलं आणि बैल घेऊन घरी आले.

दारातच आईनं विचारलं, "का वो, न्हाई इकला?"

"आदी त्याची पेंड बंद कर."