शिवप्पाचे फॉरेनचे ब्रेक

शिवप्पाचं शहाणपण सांगतो, ऐका. आणीबाणीच्या वर्षी ह्यानं गाडीचे धड चालणारे ड्रम ब्रेक काढले आणि मुंबईच्या भंगारातून निवडून आणलेले फॉरेनचे डिस्क ब्रेक पॅडसकट बसवले. सोलापुरात, आमच्या शुक्रवार पेठेत, ज्याला त्याला चाकापाशी वाकवून दाखवायचा.

एकदा मला घेऊन कुंभारीला निघाला. रस्त्यात शेरडं आडवी आली, तर हा नुसता हॉर्न वाजवतोय. शेवटी मीच हँडब्रेक ओढला.

शेरडांचा मालक खिडकीशी आला. "ब्रेक न्हाय व्हय गाडीला?"

"हाय की. फॉरेनचा हाय," शिवप्पा म्हणाला.

"मग दाबायचा की."

"पॅड झिजत्यात. सोलापुरात मिळत न्हाईत."

"आन् शेरडं मिळत्यात, व्हय?"

तर हा गाढव खाली उतरला आणि त्यालाही चाकापाशी वाकवून डिस्क दाखवायला लागला.