भिंतीवरचा दांडा

सासरे : बरं, पुढचा प्रश्न. घर विकलं, की घराबरोबर काय जातं आणि विकणाऱ्याकडे काय राहतं?

सून : बाबा, हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही.

सासरे : उद्या घरांच्या एजंटाची परीक्षा कुणाची आहे, माझी का तुझी? घोकल्याशिवाय काही अंगात मुरत नाही. मी रंधा शिकायला लागलो तेव्हा वस्तादांनी महिनाभर एकच फळी तासायला लावली होती. शेवटी त्या फळीचा कागद झाला.

सून : सांगते. घराला कायमचं जोडलेलं जे असेल ते घराबरोबर जातं. सुटं असेल, उचलून नेता येईल, ते विकणाऱ्याचं. भिंतीतलं कपाट घराचं, ही खुर्ची आपली.

सासरे : खिळ्याने ठोकलेलं?

सून : बहुतेक घराचं.

सासरे : आणि स्क्रूने लावलेलं?

सून : पुस्तकात खिळा नि स्क्रू असा भेद नाही केलेला.

सासरे : मग त्या पुस्तकवाल्याने जन्मात हातोडी धरलेली नाही. अगं, खिळा ठोकतात तो राहावा म्हणून. स्क्रू पिळतात तो उद्या काढता यावा म्हणून. एवढं साधं कळत नाही आणि निघालेत लोकांना घरं विकायचे परवाने द्यायला!

सून : परीक्षेचे पेपर सुतार नाही तपासत, बाबा.

सासरे : तेच तर दुखणं आहे.

सून : तुमच्या नखात पांढरं काय ते?

सासरे : असेल काहीतरी. पुढचा प्रश्न घे. एजंटाने गिऱ्हाइकापासून काय काय लपवू नये...

सून : पुट्टी आहे ती. घराची किल्ली आज चार वाजता द्यायची, सगळं सामान बांधून झालं, आणि तुम्ही पुट्टी कुठे लावत होतात? थांबा जरा.

(ती उठून पॅसेजमध्ये जाते. मग तिथूनच विचारते.)

सून : बाबा, दांडा कुठाय?

सासरे : कुठला?

सून : ह्या पॅसेजमध्ये धरून चालायचा एकच दांडा होता.

सासरे : काढला सकाळी. तू ऑफिसातून खोकी आणायला गेली होतीस तेव्हा. बघ, कळतंय का कुठे होता ते? तीन ब्रॅकेट, बारा भोकं. बुजवली, घासली, वर रंगाचा हात दिला. देवसुद्धा बोट ठेवू शकायचा नाही.

सून : मी ठेवलंय की. हे इथे. हे इथे. आणि हे.

सासरे : तुझं वेगळं आहे.

सून : दांडा कुठे ठेवलाय?

सासरे : माझ्या पलंगाखाली. माझ्या पोराच्या चादरीत गुंडाळून. नव्या घरी नेणार. लावणार नाही कुठे, नुसता राहील माझ्याजवळ.

सून : तो करारात लिहिलाय, बाबा. विकत घेणारे मास्तर त्यांच्या आईला घेऊन आले होते ना, त्यांनीच मागितला. त्या बाईंना धरल्याशिवाय चालता येत नाही. तुम्ही सही केलीत त्याच्यावर.

सासरे : तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली. वाचलं कुठे? घरातल्या माणसाने बोट ठेवलेलं कुणी वाचत बसतं का?

(ती पॅसेजमधून परत येऊन समोर बसते.)

सासरे : आणि हे बघ, मी तुझं पुस्तक नीट वाचलंय. चष्मा लावून, दोनदा. पान बावीस. वस्तू घराची का माणसाची हे ठरत नसेल, तर लावणाऱ्याचा हेतू बघावा. आहे का नाही?

सून : आहे.

सासरे : मग तो लावणाऱ्याचा हेतू तुला ठाऊक आहे? मला आहे. दांडा मी तासला, पण भिंतीला त्याने लावला, स्वतःच्या हाताने. मी म्हटलं, बस रे, तुला उभं राहवत नाही. तर म्हणाला, माझ्या चालण्याचं काम आहे, मलाच करू द्या. चार स्क्रू पिळून झाले की खाली बसायचा. सगळे बसवायला अख्खी दुपार लागली. मी म्हटलं, घट्ट आवळ. तर हसून म्हणाला, “एवढा नको बाबा. बरा झालो की काढायचाच आहे.”

सून : असं म्हणाला होता?

सासरे : ह्याच शब्दांत. म्हणजे हेतू तात्पुरता. म्हणजे वस्तू सुटी. म्हणजे माझी. दे मला मार्क.

सून : मला कधी नाही सांगितलंत.

सासरे : काय सांगणार? तो गेल्यावर दहा महिने त्याच दांड्यावरून माझाही हात जातोय. अर्ध्यावर तो थांबायचा ना, दम खायला...

सून : “गाडीला सिग्नल पडला नाही” म्हणायचा.

सासरे : तिथे लाकूड काळं पडलंय. तळव्याएवढं. मी आयुष्यात एवढं पॉलिश केलं, असा रंग कशाला आला नाही. आणि तू खुशाल लिहून दिलंस परक्याला. तुला काहीच कसं वाटलं नाही गं?

सून : मला तो बघवत नव्हता.

सासरे : काय?

सून : त्यांनी मागितला आणि मी लगेच लिहिला. तुम्हाला न विचारता. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक होतं म्हणून मुद्दामच नाही विचारलं. मी रोज ऑफिसातून येते, पायातलं काढते, आणि हात आपोआप त्या काळ्या जागेवर जातो. वाटतं, अजून ऊब असेल. रोज वाटतं, बाबा. आणि रोज नसते. तो दांडा आपल्याबरोबर आला तर मी नव्या घरातही तेच करत बसेन.

सासरे : आधी बोलायचं नाही?

सून : तुमच्याशी? तुम्ही त्याला तेल लावत होतात दर रविवारी.

सासरे : ...तू बघायचीस?

सून : आणि तुम्ही मला बघत होतात. दोघंही मुकाट. चुकले मी. पण करारात लिहिलेलं असलं की हेतू मागे पडतो. तेविसाव्या पानावर आहे. तुम्ही बाविसावर पुस्तक मिटलंत.

सासरे : मला बावीसच पुरेसं वाटलं.

सून : मास्तरांना फोन करते. म्हणते, तो आमच्या माणसाचा आहे, राहू दे. ते मोठ्या मनाचे वाटले, नाही म्हणायचे नाहीत.

सासरे : आणि त्यांची आई?

सून : भिंत धरून चालतील, काय करणार. त्या दिवशी त्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. बरोब्बर अर्ध्यावर थांबल्या. म्हणाल्या, इथे कुणाचा तरी हात आहे, बाई.

सासरे : असं म्हणाल्या?

सून : हो. लावू फोन?

सासरे : थांब. जोडलेलं आणि सुटं, सांगायला सोपं आहे गं. आपण सगळेच इथे भाडेकरू, मालक वर बसलाय. त्याने बोलावलं तेव्हा माझ्या पोराने हेतू नाही विचारला त्याला... ठेव तो फोन खाली. किती वाजले?

सून : सव्वादोन.

सासरे : पुट्टी वरून सुकली तरी आतून ओली आहे अजून. त्या भोकांत स्क्रू धरायचा नाही. नवी पाडावी लागतील.

सून : बाबा, खरंच फोन करते ना मी.

सासरे : पेटीतलं गिरमिट काढ. आणि तुझी पेन्सिल दे इकडे, परीक्षेची. उद्या टोक करून देतो. त्या बाई किती उंच आहेत?

सून : माझ्या खांद्याला लागतात. का?

सासरे : मग दांडा चार बोटं खाली घेतो. त्याच्या मापाने लावला तर त्यांचा हात पोचायचा नाही.