वर बघायचं नाही

...नाही, मला एक सांगा, माणसानं शहर बघायला जायचं आणि शहराकडे बघायचं नाही, हे जमवायचं कसं? म्हणजे न बघणं मला जमलं, तेच उत्तम जमलं, पैकीच्या पैकी गुण! पण तुम्हाला सांगतो, रजा टाकून, गाडीत अवघडून बसून, लॉजच्या ढेकणांना रक्तदान करून मी जे काही पाहून आलो ते म्हणजे माझ्या बुटांची टोकं. छान आहेत. डाव्याची शिवण जरा उसवलीय. पण ती बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या ओसरीतही दिसतात ती!

सगळी करणी मेहुण्याची. मेहुणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. हा तरुणपणी एकदा त्या शहरात गेला होता, सकाळी उतरला, संध्याकाळी परतला, आणि मधल्या वेळात कुणीतरी त्याच्या खिशातून कंगवा मारला. कंगवा! आता त्याच्या डोक्यावर केस उरले नाहीत, पण कंगव्याचं दुःख उरलंय. तेव्हापासून त्या शहरातल्या चोऱ्यामाऱ्यांवर आमच्या नात्यागोत्यात शेवटचा शब्द त्याचा. मी जातोय म्हटल्यावर आला, दार लावून घेतलं, आवाज खाली आणला, "भावोजी, ठरवलंच आहे का? मग नीट ऐका. रस्त्यात थांबायचं नाही. वाट विचारायची नाही. कुणी वेळ विचारली तर घड्याळ बंद आहे म्हणायचं. तिसऱ्या वळणानंतरही तोच माणूस मागे दिसला तर रस्ता ओलांडायचा आणि दिसेल त्या दुकानात शिरायचं. आणि मुख्य म्हणजे, वर बघायचं नाही!"

म्हटलं, "वर का नाही?"

"अहो, वर बघतो तो परगावचा! गावातला माणूस कधी वर बघतो? तुम्ही आपल्या गल्लीत शेवटचं वर कधी बघितलंत, सांगा."

आठवेना हो मला! खरंच आठवेना.

"बघा! मान वर गेली, तोंड उघडलं, की खिशात हात शिरलाच." एवढं सांगून उठला, चपला घातल्या, पुन्हा दारातून मान आत, "जपून राहा बरं का!"

आता गंमत अशी की मला त्या शहरात जे बघायचं होतं, ते वरच होतं. दुसरं काही नाहीच. आमच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर आहे, औषधाच्या दुकानानं फुकट दिलेलं. त्यावर त्या शहरातल्या चौकातल्या मनोऱ्याचं चित्र. मनोऱ्यावर भलंमोठं घड्याळ, आणि घड्याळाखाली दोन झडपांचं एवढंसं दार. बंद. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'दररोज दुपारी बारा वाजता हे दार उघडते.' बस! पुढे काय होतं, कोण येतं, एक अक्षर नाही! असा अर्धवट मजकूर छापणाऱ्याला काय म्हणावं? वर्ष संपलं तरी हिनं ते कॅलेंडर उतरवलं नाही. नवीन आलं की त्याच खिळ्याला, पण जरा खाली दोरी बांधून, म्हणजे तारखा नव्या आणि चित्र जुनंच. भाजी परतता परतता विचारायची, "अहो, काय येत असेल हो त्यातून?"

मी म्हणायचो, "कोंबडा."

"कोंबडा सकाळी येतो. बाराला त्याचं काय काम?"

"मग राजा येत असेल."

"राजाला असलं माजघरासारखं दार?" आणि एकदा अगदी ठामपणे म्हणाली, "बाई असणार. भर बाराला दार उघडून बाहेर डोकावते म्हणजे बाईच. कुणाला तरी जेवायला हाका मारत असेल आणि ते येत नसतील." असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्यानं उठून ताटावर बसलो.

जाऊ या म्हणायची. मीही जाऊ म्हणायचो. पण प्रत्येक वेळी कुणीतरी सांगायचं, छे हो, तिकडे काय, भरदिवसा लुटतात, आणि आम्ही म्हणायचो, आपण बरे, आपलं घर बरं. अशी किती वर्षं गेली. मागच्या वर्षी ही वारली. आणि खिळ्यावरचं ते बंद दार आपलं तिथंच, रोज माझ्या समोर. शेवटी म्हटलं, जाऊन बघून तर येऊ काय येतं ते. मग निदान त्या कॅलेंडरचा तरी निकाल लागेल!

तर निघालो. मेहुण्याच्या सांगण्यावरून पैसे मोज्यात. पैसे मोज्यात ठेवले की माणूस लंगडतो, हे कुणी सांगत नाही! आणि लंगडणारा माणूस म्हणजे चोराला घरपोच सावज. म्हणून मी लंगडत नाही असं दाखवायला ऐटीत चालू लागलो, तर समोरून येणाऱ्या एका बाईनं मुलाला जवळ ओढून घेतलं!

लॉजवाल्यानं किल्ली दिली आणि विचारलं, "काय काम काढलंत?"

म्हटलं, "चौकातलं घड्याळ बघायचंय."

हा किल्ली सोडेना. "घड्याळ... चौकातलं... हं. जातात लोक."

"परत येतात ना?"

"येतात, येतात!" थोडा विचार करून म्हणाला, "न यायला काय झालं?" आणि मी जिना चढायला लागलो तर मागून, "जपून राहा बरं का!"

पहिला दिवस मी खोलीतच काढला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानापर्यंत पोचलो आणि दुकानदारानं वेळ विचारली. साधी वेळ! मी "घड्याळ बंद आहे" असं ओरडून परत. खोलीच्या दाराला एकच कडी होती, तिला खुर्ची टेकवून बसलो. आमच्या घरी तीन कड्या आहेत. तिसरी मेहुण्यानं बसवून घेतलेली. तुम्हाला सांगतो, ही वारली तेव्हा त्या तिन्ही आतून लावलेल्या होत्या. भर दुपार होती, मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. बाहेरून कुणी आलं नाही. काही वाजलं नाही, काही पडलं नाही. कड्यांना तरी काय दोष द्यायचा? त्या त्यांच्या जागी होत्या... असो.

मग शेवटचा दिवस. परतीची गाडी दुपारची. आज नाही तर कधीच नाही, म्हणून मनाचा हिय्या करून, खाली बघत, बुटांची टोकं मोजल्यासारखी निरखत निघालो. पहिलं वळण घेतलं, सहज मागे पाहिलं, तर एक आडदांड गृहस्थ. मिशा अशा, खांदे असे, आणि पोटावर एक पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली, सातव्या महिन्यातल्या बाईनं धरावं तशी. दुसरं वळण, गृहस्थ मागेच. तिसरं वळण, मागेच! रस्ता ओलांडला. त्यानंही ओलांडला! मी पळायला लागलो, म्हणजे मोज्यात पैसे असताना जेवढं पळता येतं तेवढं, आणि समोर दिसलं त्या दुकानात शिरलो. छत्र्यांचं दुकान. मी एका छत्रीमागे लपतोय तोच दार ढकलून तोही आत, आणि मला बघून हा दांडगा माणूस किंचाळला हो! "मारू नका! सगळं घ्या, पण मारू नका!"

मी म्हटलं, "अहो, मीच ते म्हणणार होतो!"

गल्ल्यावरच्या बाई शांतपणे छत्रीच्या काडीला टाका घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिसरं वळण ना? रस्ता ओलांडला, दुकानात शिरलात. माझ्या सासऱ्यांनी जागाच बघून घेतली होती. आमचा अर्धा धंदा त्यावर चालतो. कुठली देऊ? काळी की निळी?"

दोघांनीही काळी घेतली. काय करता!

तर तो बिचारा माझ्यासारखाच परगावचा. मी रस्ता ओलांडला तेव्हा त्याला वाटलं, मी वळसा घालून त्याला पुढून गाठणार, आणि त्यालाही घरून तोच सल्ला, म्हणून तोही ओलांडून समोरच्या पहिल्याच दुकानात! आणि आलेला कशासाठी? घड्याळ बघायला! म्हणाला, "नातीला कबूल केलंय, काय बाहेर येतं ते येऊन सांगीन म्हणून." मी बाईंना विचारलं, "तुम्हाला तर ठाऊकच असेल. काय येतं हो त्या दारातून?"

"मला?" बाईंनी दोरा दातानं तोडला. "लग्न होऊन आले तेव्हापासून इथं बसते. बाराला गिऱ्हाईक असतं. दुकान सोडून वर बघत कोण उभं राहणार? तुम्ही निघालाच आहात, तर जाताना मलाही सांगून जा. आणि चौकात गर्दी असते, जपून राहा बरं का!"

म्हणजे मेहुणा खरंच सांगत होता. गावातलं माणूस वर बघत नाही!

आता आम्ही दोघं. काखेत छत्र्या. चौकात ही गर्दी. त्या पोटपिशवीवाल्यानं एक युक्ती काढली, आणि युक्ती खरंच नामी होती. म्हणाला, "आळीपाळीनं बघू. एकानं वर बघायचं, दुसऱ्यानं त्याचे खिसे सांभाळायचे. अर्धं झालं की खांद्यावर हात मारायचा, मग अदलाबदल."

म्हटलं, "ठरलं. आधी तुम्ही."

"छे छे, आधी तुम्ही. तुम्ही वडील."

"वडील कसला? पाहुण्यानं आधी बघावं."

"अहो, पाहुणे तर तुम्हीही आहात!"

असं आमचं 'आधी तुम्ही' चाललेलं असतानाच वर ठोके पडायला लागले. आणि तो गडी... काय सांगू... एवढा भिडस्त माणूस, पहिल्या ठोक्याला त्याची मान जी वर गेली ती गेलीच. झालं! मी आपला शब्दाला जागून त्याच्या खिशांकडे बघतोय. मागचा खिसा, बाजूचा खिसा, पोटावरची पिशवी. वरून बारीक घंटी वाजल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. कुठंतरी झडप करकरली. सगळा चौक एकदम "आऽऽ" म्हणाला. मग हसला. मग एकदम गप्प झाला, इतका गप्प की शेजारी एक म्हातारी नाक ओढत होती ते मला ऐकू आलं. मी वाट बघतोय, आता खांद्यावर हात पडेल, मग पडेल... हात कसला पडतोय! त्याची पिशवी सुटून गुडघ्यापर्यंत लोंबत होती, त्याला शुद्ध नव्हती.

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, मला चोर दिसला. खराखुरा चोर! काटकुळा माणूस, धुतलेला सदरा, व्यवस्थित भांग. त्याचा हात समोरच्याच्या खिशात मनगटापर्यंत. पण हात तिथंच थांबलेला, आणि तोसुद्धा वर बघत होता हो! तोंड उघडं टाकून! म्हणजे त्या अख्ख्या चौकात पोरंटोरं, म्हातारी, हवालदार, चोर, झाडून सगळे वर बघत होते, आणि खाली बघणारा एकच शहाणा. मी!

मग वर खट्ट झालं. चोराची मान खाली आली आणि नजर थेट माझ्यावर. त्यानं हात हळूच काढला. रिकामाच. खजील झाला बिचारा. माझ्या जवळून जाताना क्षणभर थांबला, माझ्या मोज्याकडे बघितलं, आणि अगदी घरच्यासारखं म्हणाला, "जपून राहा बरं का!"

मी वर बघितलं. दार बंद होतं. अगदी कॅलेंडरवर आहे तस्संच.

पोटपिशवीवाला डोळे पुसत होता. मी त्याला हलवला, "अहो, काय होतं? काय आलं?"

"काय सांगू तुम्हाला!" म्हणाला. "आधी ते दार... मग ते एकदम असं... आणि मग फिरून... नाही हो, सांगून नाही कळायचं. ते बघायलाच हवं!"

मी म्हटलं, "एवढंच सांगा. बाई होती का त्यात?"

"बाई?" त्यानं पुष्कळ आठवून बघितलं. चांगला माणूस होता, खोटं बोलवेना त्याला. "असेल हो. इतकं पटकन झालं ना सगळं... का हो?"

म्हटलं, "काही नाही. सहज."

राहता आलं असतं अजून एक दिवस. पण रजा संपली होती, खोली सोडली होती, आणि खरं सांगायचं तर, पुन्हा त्या चौकापर्यंत एकट्यानं जायचं त्राण नव्हतं. छत्रीवाल्या बाईंच्या दुकानासमोरून खाली मान घालून निघून आलो. त्या टाका घालतच होत्या. त्यांना तरी काय सांगणार होतो?

मेहुणा स्टेशनवर हजर. तिथंच माझे खिसे चाचपले, "काही गेलं नाही ना?"

"नाही."

"वर बघितलं नाहीत ना?"

"नाही बघितलं."

"शाब्बास, भावोजी!" पाठीवर अशी थाप मारली की खोकला आला. घरी आलो, त्यानंच चहा टाकला, आणि कपात ओतता ओतता, माझ्याकडे पाठ करून, कॅलेंडरकडे बघत एकदम हळू विचारलं, "आणि... ताईचं ते दार? काय निघालं हो त्यातून?"

आता काय सांगू मी याला? मी म्हटलं, "बाई."

"खरं?"

"खरंच. बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं, जेवायला हाक मारली आणि आत गेली."

मेहुण्याच्या हातून चहा बशीत सांडला तो पुसत बसला. "ताई म्हणायचीच," एवढंच म्हणाला. मग उठला, चपला घातल्या, आणि सवयीनं दारातून मान आत, "कड्या लावून घ्या. जपून राहा बरं का!"

लावल्या. तिन्ही. राहतोय जपून. दुसरं काय येतं मला? कंगवासुद्धा शाबूत आहे माझा!