पुढच्या चाकावर एकशे तेरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, निवृत्त परवाना निरीक्षक बाईसाहेब. प्रमुख पाहुणे, या सभागृहातल्या निम्म्या लोकांची हाडं ज्यांच्या हाताखालून गेली आहेत ते डॉक्टरसाहेब. पहिल्या रांगेतल्या वहिनी. माझ्या वर्कशॉपमधले सहकारी, गिऱ्हाईकं, शेजारीपाजारी. आणि डॉक्टरांच्या बाजूची ती रिकामी खुर्ची. सगळ्यांना माझा नमस्कार.

खुर्चीला नमस्कार केला म्हणून हसू नका. पुष्पगुच्छ आलाय, मानपत्र आलंय, माणूस तेवढा यायचाय. ज्याला निरोप द्यायचा तो आमचा हेडमेकॅनिक तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांची मोटरसायकल घेऊन चाचणीच्या फेरीला गेला. फेरी वीस मिनिटांची. समोरच्या घड्याळात चार वाजून बारा झालेत. त्याचा फोन माझ्या खिशात आहे, कारण गाडीवर बसताना फोन बरोबर न्यायचा नाही, हा त्याचाच नियम. पावणेचारला त्याची लेक मोटार घेऊन त्याच रस्त्यानं बघायला गेली. चालवताना तीही फोनला हात लावत नाही, बापाचीच शिकवण. तेव्हा फोन आला नाही ही बातमी चांगली की वाईट, हे मला ठरवता येत नाहीये.

मी म्हणत होतो, कार्यक्रम थोडा थांबवू. त्याची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बोलायला लागा. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते." म्हणून उभा आहे. एक विनंती. तो पंखा बंद करा आणि रस्त्याकडच्या खिडक्या उघडा. उकडेल थोडं, पण मला बाहेरचं ऐकू यायला हवं.

हं. आता बरं.

मंडळी, माझं शिक्षण फार नाही. रस्त्याच्या कडेला पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली. भांडवल काय, तर दोन कान. इंजिन चालू केलं की त्याचं कुठे दुखतंय ते मला ऐकू येतं. पण दुखतंय हे कळणं वेगळं आणि का दुखतंय हे कळणं वेगळं. ते कळायचं याला. एकतीस वर्षांपूर्वी हा माझ्याकडे आला तो पोती मोजायचे दोन जुने वजनकाटे हातगाडीवर घालून. मी विचारलं, "हे कशाला? किराणा उघडायचाय?" म्हणाला, "एक पुढच्या चाकाखाली, एक मागच्या. गाडी किती जड आहे ते कुणीही सांगेल. कुठे जड आहे ते बघायचंय." त्या दिवसापासून त्याचं नाव काटा पडलं. वहिनीसुद्धा चिडल्या की याच नावानं हाक मारतात, मी ऐकलंय.

आमच्या मागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले आकडे तुम्ही पाहिले असतील. प्रत्येक मोठ्या गाडीचे दोन. पुढे इतके, मागे इतके. कुणाला ते जुगाराचे आकडे वाटतात. आमची ती कुंडली आहे.

थांबा... नाही. टेम्पो आहे. डिझेल.

तर बावीस वर्षांपूर्वी आमच्याकडे पहिली मोठी मोटरसायकल आली. मालक एक ठेकेदार. हजार सीसीचं इंजिन. मी चालू केलं आणि आवाजाच्या प्रेमात पडलो. काट्याला ओरडून सांगितलं, "ऐक, ऐक! दीडशे घोडे आहेत हे!" तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "दीडशे आहेत खरे. वळा म्हटल्यावर त्यातले किती ऐकतात?"

ठेकेदाराला हे लागलं. पैज लागली. धरणाचा रस्ता, वरच्या पेट्रोलपंपापर्यंत. काट्याकडे आमची वर्कशॉपची जुनी गाडी, ताकद पाव, वजन निम्मं. सरळ रस्त्यावर ठेकेदार असा गेला की आम्हाला नुसता धूर दिसला. मग वळणं सुरू झाली. सरळ रस्त्यावर मनगट पिळलं की गाडी पळते आणि आपण मोठे स्वार आहोत असं वाटतं. वजन तेव्हा कळत नाही, ते कळतं थांबवताना. जड गाडीला वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक लावावा लागतो, मग तिला आडवं करायचं, मग परत उभं करायचं, आणि तोवर पुढचं वळण आलेलं असतं. ठेकेदार वर पोचला तेव्हा काटा चष्मा पुसत बसला होता.

"तू कुठून आलास?"

"रस्त्यानंच."

हसा, हसा. बाईसाहेब तर जास्तच हसतायत, कारण त्यांना माझं आठवत असेल. आठाच्या आकड्यात पाय टेकला म्हणून त्यांनी मला दोनदा नापास केलंय. तिसऱ्या वेळी काट्यानं शिकवलं. "हँडलकडे बघू नको, जिकडे जायचंय तिकडे बघ. गाडी तुझ्या नजरेच्या मागून येते." एवढंच. पास झालो.

चार वाजून एकोणीस.

वहिनींना कुणीतरी पाणी द्या. वहिनी, त्या कार्यक्रमपत्रिकेच्या किती घड्या घालाल? फाटेल ती.

आता डॉक्टरांच्या गाडीबद्दल बोलतो. डॉक्टरसाहेब, हे तुम्हाला दोष द्यायला नाही, उलट आहे, ते पुढे कळेल. डॉक्टरांनी हौसेनं मोठी गाडी घेतली. आधी म्हणाले, ताकद थोडी वाढवा. वाढवली. मग लांबच्या प्रवासासाठी मागे तीन पेट्या बसवल्या, दोन बाजूला आणि एक वर, चांगली कपाटासारखी. सगळं सामान भरलं. आणि मग तक्रार आली की वेग शंभरच्या पुढे गेला की हँडल थरथरतं. मी टायर बदलले, चाकं तपासली, हँडलचं बेरिंग घट्ट केलं. माझ्या कानाला गाडी निरोगी वाटत होती.

काट्यानं तिला काट्यांवर चढवलं. नवी असताना पुढे एकशे वीस, मागे एकशे चोवीस किलो. पेट्यांसकट पुढे एकशे तेरा, मागे एकशे अडुसष्ट. मला भिंतीपाशी नेऊन म्हणाला, "हे बघ. सामान मागच्या चाकाच्याही मागे लटकतंय, म्हणून पुढचं चाक उचलल्यासारखं झालंय. त्यात तुम्ही ताकद वाढवलीत. वेग घेतला की ते आणखी हलकं होणार. पुढचं चाक जमिनीला नीट धरून नसेल तर हँडल कुणाच्या हातात आहे?"

ही झाली काल संध्याकाळची गोष्ट. आज दुपारी काय झालं ते इथे फार थोड्यांना माहीत आहे. वहिनींना माहीत नाही. कार्यक्रमाच्या ओघात हे सांगायचं नव्हतं, पण घड्याळ माझ्याकडे बघतंय आणि मला दुसरं काही सुचत नाहीये.

काटा म्हणाला, "गाडी शनिवारी देऊ. पेट्या खाली आणि पुढे घेतो, मग."

मी म्हटलं, "शनिवारी तू कामावर नसशील."

"नसेन. तेवढ्यापुरता येईन."

"अरे, पत्रिकेत छापलंय. समारंभात डॉक्टरांना गाडी सुपूर्द."

"छापलेलं गाडीला वाचता येत नाही."

सगळे हसले. माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्यावर. मला ते झोंबलं. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "एकतीस वर्षं गाड्या चालवल्यास, आणि शेवटच्या दिवशी घाबरलास होय रे?"

त्यानं खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला, हेल्मेट घातलं आणि पेट्यांसकट गाडी बाहेर काढली. मी आवाज ऐकत उभा होतो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चौथा पडला तेव्हा तो कोपऱ्याच्या पलीकडे होता. त्यानंतर मला काही ऐकू आलेलं नाही.

वहिनी, बसा. बसा हो. मला काय म्हणायचं ते नंतर म्हणा, माझी तयारी आहे.

थांबा.

मोटार. त्याच्या लेकीची आहे, मी ओळखतो, सायलेन्सरला बारीक भोक आहे. पण... पहिल्या गिअरमध्ये आहे. सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये मोटार कोण चालवतं? आत कुणी झोपवलेलं असेल आणि त्याला धक्का लागू द्यायचा नसेल तर... डॉक्टरसाहेब, तुमची बॅग बरोबर आहे ना? उठा. नाही, एक मिनिट. गप्प राहा सगळे. कुणी खुर्ची सरकवू नका.

मोटारीच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आहे. टक, टक, टक. साखळी आहे ती. इंजिन बंद आणि साखळी फिरतेय. आणि बूट. ते बूट मी एकतीस वर्षं रोज सकाळी ऐकलेत.

वहिनी, तो ढकलत येतोय! आपल्या पायांनी चालत, गाडी ढकलत येतोय, आणि पोर त्याच्या मागे मोटार हळू हाकतेय!

जा, जा, दारापर्यंत जा तुम्ही. बाकीचे बसून राहा, त्याला गर्दी आवडत नाही.

ये रे. आत ये. हात दाखव. दोन्ही आहेत. माईकवर बोलणार? नाही? बरं, तो काय म्हणतोय ते मी सांगतो. एकशे दहाच्या वेगाला हँडल दोन्ही बाजूंना ठोकायला लागलं. त्यानं ना ब्रेक दाबला ना हँडल आवळलं, नुसती वेगाची मूठ सैल सोडत गाडीला दमू दिलं. थांबल्यावर पाहिलं तर हँडल वाकडं आणि पुढचा ब्रेक पोकळ, दाबला तरी पकडेना. म्हणून उतरला. डॉक्टरांचं सामान रस्त्यावर सोडवेना, म्हणून पेट्यांसकट ढकलत निघाला. लेक भेटल्यावर पेट्या मोटारीत गेल्या. तिनं म्हटलं, फोन करते. तर हा म्हणतो, "आधी तिथे पोचू, फोन काय करायचा." काट्या, अरे इथे आमचा जीव गेला!

काय म्हणतोस? हो, ऐकलं. डॉक्टरसाहेब, तो म्हणतोय ही गाडी तुम्ही परवा घाटात नेणार होतात. घरच्यांना मागे बसवून. हो ना?

असू दे. पाणी घ्या तुम्ही पण.

आता आटोपतं घेतो. अशा वेळी वक्ता म्हणतो की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. आजवर मी ते नुसतं म्हणत आलो. आज नेमकं सांगतो. दुपारी तीनच्या सुमाराला, सगळ्यांदेखत, मी या माणसाला एक वाक्य बोललो. ते वाक्य मी सगळ्यांदेखत परत घेतो. वहिनी, तुमचीही माफी मागतो. लगेच द्या असं नाही.

अध्यक्ष बाईसाहेबांचे आभार, पंखा बंद असताना इतका वेळ बसून राहिल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेब, गाडी आज मिळणार नाही. सुपूर्द करण्याच्या कागदावर काट्याची सही लागते आणि तो ती करत नाहीये. शनिवारी या. शनिवारी तो तेवढ्यापुरता येणार आहे, आणि त्यानं गाडी इथवर ढकलत आणली, तर आम्हीही त्याचा निरोप शनिवारपर्यंत पुढे ढकलतो.

कुणीतरी पंखा लावा आता. आणि काट्या, तू त्या खुर्चीवर बस. मघापासून मी तिच्याशी बोलतोय.