सहा गाड्या माती

वय ४७ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पाणीटाकीमागील वसाहत, इमारत तीन, तळमजला. आज समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व धाकटी जाऊ असे राहतो. घराच्या पुढच्या खोलीत माझे शिवणाचे दुकान आहे. दीर वारल्यापासून जाऊ आमच्यातच असते.

वसाहतीमागच्या पडीक जागेत सर्वांनी मिळून बाग करायचे ठरवले. माझे कापडाचे माप चुकत नाही म्हणून सामानाची यादी व खर्चाचा अंदाज माझ्याकडे दिला. बारा वाफे, विटा, कुंपणाची जाळी, पाइप, खत आणि सहा गाड्या माती असा अंदाज मी काढला. खर्च वर्गणीच्या दीडपट होत होता. त्यात सर्वांत महाग माती होती.

दि. ४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास एक ट्रकवाला दुकानात आला. मी त्यास पूर्वी पाहिले नव्हते. बागेचे त्याला कोणी सांगितले हे मी विचारले नाही. तो म्हणाला, "ताई, मातीला कशाला पैसे घालता? खोदकामाची पडून आहे, फुकट टाकून देतो." तो गेल्यावर जाऊ म्हणाली, "जाऊबाई, फुकट कोण काय देतं?" मी म्हणाले, "तू बटणांची काजं कर." मातीच्या ओळीवर मी काट मारली.

दि. ६ रोजी गाड्या आल्या. मी सहा सांगितल्या होत्या, त्याने नऊ ओतल्या. माती काळी, ओलसर होती. तिला गोडसर, रॉकेलसारखा वास होता. त्याने कागद पुढे केला. माझ्याजवळ चष्मा नव्हता. मी सही केली.

सहा गाड्या थेट वाफ्यांत ओतल्या होत्या; ती माती हातांनी सारखी करून रोपे जाऊने एकटीने लावली. तिला झाडांचे वेड आहे. यादीत रबरी हातमोज्यांचे चार जोड होते. खर्च बसवताना ते मीच कमी केले होते.

पाचव्या दिवशी तिच्या हातांना फोड आले. मी मलम लावले. आठव्या दिवशी रोपे मुळापासून काळी पडली. नवव्या दिवशी तिला धाप लागली म्हणून इस्पितळात नेले. डॉक्टरांनी विचारले, "या बाई रसायनाच्या कारखान्यात कामाला होत्या का?" तिने कधी नोकरी केलेली नाही.

त्याच दुपारी मी व पतींनी एक वाफा उकरला. हातभर खाली पत्र्याच्या पिंपाचे झाकण लागले. त्यावरची अक्षरे खरवडून काढलेली होती.

सही केलेल्या कागदाच्या माझ्याकडच्या प्रतीवरील नंबरवर मी फोन केला. ट्रकवाला शांतपणे म्हणाला, "माल पाहून, आपल्या मर्जीनं उतरवून घेतला, असं लिहिलंय. खाली सही तुमची. तुमच्या दुकानाला मागचं दार नाही ना, ताई?" मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून एक इसम दुकानासमोर उभा असतो.

जाऊच्या घशात नळी असल्याने तिला बोलता येत नाही. काल तिने कागदावर लिहून विचारले, रोपांना पाणी घातलं का. मी हो म्हणाले.

जास्तीच्या तीन गाड्या माती वसाहतीतल्या लोकांनी बादल्यांनी घरी नेली. कोणी किती नेली, सांगता येणार नाही. माझ्या खिडकीत दोन कुंड्या आहेत. त्यात पुदिना चांगला फुटला. आम्ही तो रोज खाल्ला आहे.

हे सर्व मी सांगितले तसेच लिहिले गेले असून मला मोठ्याने वाचून दाखवले. ते खरे व बरोबर आहे.